पिल्लांचं उष्टावण

मांजर व्याल्यानंतरचे तीन आठवडे घरात कुणाला फारसं काही करावं लागत नाही. कपाटामागे, जुन्या साड्यांच्या गाठोड्यावर किंवा कोकणातल्या घरात माळ्यावरच्या सुक्या गवतात ती पडून असते आणि पिल्लं तिच्या पोटाशी. चौथ्या आठवड्यात मात्र तिचं वागणं बदलतं. पिल्लं लुचायला आली की ती पूर्वीसारखी कुशीवर आडवी होत नाही; पाय अंगाखाली घेऊन, पोट जमिनीला घट्ट टेकवून बसते. पिल्लं ढुशा देतच राहिली तर उठून फ्रीजवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर जाते, जिथे त्यांची उडी पोचत नाही. खाली गलका सुरू होतो. घरातल्या कुणालातरी राहवत नाही. “अगं, पाज ना त्यांना!” असं मांजरीला ऐकवून झालं की बशी येते, बशीत कोमट दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी. अगदी चांदीची वाटी आणि मामाची मांडी नसते, एवढंच. बाकी थाट उष्टावणाचाच.

पुढे ही गोष्ट सांगताना माणसं श्रेय स्वतःकडे घेतात: पिल्लांना खायला आम्ही शिकवलं. मांजरीचं म्हणणं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर बशीचा उल्लेख तिनं बहुधा केलाच नसता.

जन्मताना पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. डोळे मिटलेले, कानांची छिद्रंही बंद. वास आणि ऊब या दोनच गोष्टींच्या आधारानं ते सरपटत आचळापर्यंत पोचतं. मांजरीला बहुधा आठ आचळं असतात आणि पहिल्या काही दिवसांतच बरीचशी पिल्लं आपापली जागा ठरवून टाकतात. दुसऱ्यानं तिथे तोंड घातलं की ढकलाढकली. पुढच्या पंजांनी आईचं पोट मळत राहायचं म्हणजे पान्हा सुटतो, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमनं वाढत चौथ्या आठवड्यात चारशेच्या घरात जातं. चार-पाच पिल्लांच्या अंगावर रोज चढणारं हे मांस सगळंच्या सगळं आईच्या दुधातून येतं. ऐन भरात तिला एरवीच्या दुप्पट, पिल्लं जास्त असली तर त्याहूनही अधिक खावं लागतं, आणि एवढं खाऊनही ती वाळत जाते. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचे मणके लागतात. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना दात यायला लागलेले असतात. आधी पुढचे बारीक दात, मग सुळे, मग दाढा. दीड महिन्यात २६ दुधाचे दात तोंडात हजर. सुळे आलेलं पिल्लू अंगावर पिऊ लागलं की कुठलीही आई फ्रीजवर जाऊन बसेल.

या ओढाताणीचा हिशेब रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये मांडला. जनुकांच्या दृष्टीनं पिल्लू स्वतःसाठी सोळा आणे असतं आणि सख्खं भावंड आठ आणे. (एकाच वेतात वेगवेगळ्या बोक्यांची पिल्लं असणं मांजरांत नवं नाही, तसं असेल तर काही भावंडं चार आण्यांवर येतात.) आईला मात्र प्रत्येक पिल्लू सारखंच, आठ आणे, आणि यात पुढच्या वेताची, अजून पोटातही न आलेली पिल्लंसुद्धा धरायची. त्यामुळे पिल्लाला जितकं दूध हवं असतं, त्याहून थोडं कमी आणि थोडं आधी बंद करणं आईच्या हिताचं ठरतं. भांडण होणारच. माणसांच्या घरांत मूल अंगावरून तोडताना कोरफडीचा कडू गर लावायची पद्धत होती. मांजरीकडे कोरफड नाही, उंची आहे.

ती दूध एका दिवसात तोडत नाही. रात्री पाजते, दुपारी टाळते; पाच मिनिटं पाजून उठते. केंब्रिजमध्ये पॅट्रिक बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध पाजणाऱ्या काही मांजरींना मोजूनमापून अन्न दिलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष गमतीचा आहे: अशा आयांची पिल्लं मलूल होऊन पडली नाहीत, ती जास्त खेळली. आईचं दूध लवकर आटणार याची चाहूल लागलेलं पिल्लू शिकारीची तालीम लवकर सुरू करतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. घरातल्या माणसांना दिसतं ते एवढंच, की पिल्लं आता पडद्यांवर चढू लागली आहेत.

आता बशीकडे वळायचं. पहिला प्रसंग बघण्यासारखा असतो. पिल्लाला चोखता येतं, लपालपा पिता येत नाही. ते नाक बुडवतं, शिंकतं, मागे सरतं, पुन्हा पुढे येऊन पाय बशीत घालतं आणि मग तो पाय चाटताना त्याला पहिल्यांदा चव कळते. दुधात बुडवलेलं बोट पुढे धरलं तर ते बोटच चोखतं. बोट हळूहळू बशीपर्यंत खाली न्यावं लागतं. काही पिल्लं दुधाला चावायला जातात. यात हसण्यासारखं पुष्कळ असलं तरी काम खरोखर अवघड आहे. एमआयटीतले रोमन स्टॉकर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी स्टॉकर यांच्याच घरच्या मांजराचं पिणं हायस्पीड कॅमेऱ्यानं टिपलं आणि २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं गणित छापून आणलं. मांजर जिभेचं टोक मागे वळवतं, तिची वरची बाजू पाण्याला नुसती टेकवतं आणि झटक्यात वर घेतं. जिभेबरोबर पाण्याचा बारीक खांब वर ओढला जातो आणि तो कोसळायच्या आत मांजर तोंड मिटतं. एका सेकंदात असं सुमारे चार वेळा, दर वेळी जेमतेम दोन-तीन थेंब. चार आठवड्यांच्या जिवाकडून अपेक्षा ही आहे. त्यानं चारदा शिंकावं, यात नवल नाही.

बशीत काय आहे, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाईच्या दुधातली प्रथिनं मांजरीच्या दुधाच्या साधारण निम्मी. शिवाय दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर पिल्लाच्या आतड्यात नेमकं याच सुमाराला कमी होऊ लागतं. वाटीभर दूध मिटक्या मारत संपवलेलं पिल्लू संध्याकाळी जुलाबानं बेजार होतं, आणि चारशे ग्रॅमच्या देहाला एक-दोन दिवसांचे जुलाब जिवावर बेततात. पोळी आणि भातानं पोट भरतं, अंग भरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आमच्या आजीकडे पिढ्यान् पिढ्या मांजरं दूधभातावर वाढली, एकालाही काही झालं नाही. एकालाही काही झालं नाही यातला अर्धा भाग आठवणीचा दोष आहे. मेलेली पिल्लं कुणी मोजून ठेवत नसे, बोक्यानं नेलं म्हणायचं आणि विसरायचं. पण उरलेला अर्धा भाग खरा आहे, वाढलेली मांजरं खरोखर वाढली. फक्त ती दूधभातावर वाढली नाहीत. आजी निजल्यावर मांजरी मागच्या दारानं जे आणत होती, त्यावर वाढली.

पाउल लायहाउझेन या जर्मन संशोधकानं मांजरांची शिकार वर्षानुवर्षं न्याहाळली. पिल्लं चार आठवड्यांची होता होता मांजरी मारलेला उंदीर त्यांच्यापुढे आणून टाकते आणि विशिष्ट आवाज काढून त्यांना बोलावते. सुरुवातीला तो त्यांच्यासमोर स्वतःच खाते. नंतर मेलेला उंदीर त्यांना देते. त्यानंतर जिवंत आणते, सोडते आणि बाजूला बसते. उंदीर निसटू लागला तरच पंजा मारते. बोलावण्याच्या आवाजातही फरक असतो असं लायहाउझेननं नोंदवलं. लहान उंदरासाठी हाक सौम्य, घुशीसारख्या दांडग्या जनावरासाठी तीव्र, आणि ती ऐकली की पिल्लं बिचकत पुढे येतात. आपल्याकडच्या घरांत या शाळेत पाल असते, सरडा असतो, नाकतोडे तर हवे तितके. चिचुंद्री मारली जाते पण बहुधा खाल्ली जात नाही. तिच्या वासामुळे ती अंगणातच पडून राहते आणि सकाळी केरात जाते.

उंदीर हे खाणं म्हणून परिपूर्ण आहे. त्यात मांस आहे, काळीज आहे, हाडं आहेत, पाणीही आहे. मांजराच्या देहाची रचना अशी, की काही आवश्यक घटक ते स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. ते दुसऱ्या प्राण्याच्या देहातूनच मिळवावे लागतात. गाजरातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवण्याची सोय त्याच्याकडे नाही. टॉरीन नावाचा घटक वनस्पतींत जवळजवळ नसतोच. तो कमी पडला की मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७०च्या दशकात कळलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं की हृदयाचे स्नायू सैल पडून मांजरं दगावण्याच्या एका आजारामागेही टॉरीनचाच तुटवडा आहे. ती मांजरं दूधपोळी खाणारी नव्हती. कारखान्यात बनलेलं, डबाबंद, ‘संपूर्ण आहार’ म्हणून विकलं जाणारं खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं.

उलट्या टोकालाही घसरगुंडी आहेच. ‘मांसच हवं ना, मग देऊ’ म्हणून वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने नुसतं उकडलेलं चिकन किंवा नुसती कलेजी घातली, तर कॅल्शियम मिळत नाही आणि शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. मग खुर्चीवरून उडी मारताना पाय मोडतो. रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी कांदा-लसणाचा अंश राहतो आणि कांदा-लसूण मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कच्च्या मासळीच्या काही जातींत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. मासळी शिजवली की ते निकामी होतं. एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा पिल्लांसाठी म्हणून मिळणारं तयार खाणं गरम पाण्यात भिजवून, बोटानं मऊसर करून देणं सोपं, आणि पशुवैद्यही आज तेच सुचवतात. महाग पडतं, हे खरं. पण दूधही आता स्वस्त राहिलेलं नाही.

अन्न म्हणजे काय, हे पिल्लाला उपजत किती कळतं आणि आईकडून किती, हा प्रश्न झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाला पडला. १९३० मध्ये छापलेल्या त्याच्या प्रयोगाला आता जवळजवळ शतक होत आलं, तरी तो अजून सांगावासा वाटतो. त्यानं पिल्लांचे गट केले. उंदीर मारणाऱ्या आईबरोबर वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पुढे उंदीर मारू लागली. एकट्यानं वाढवलेल्या २० पैकी ९. आणि लहानपणापासून उंदराच्याच सोबतीनं एका पिंजऱ्यात वाढलेल्या १८ पैकी फक्त ३. त्यांनीही सोबत वाढलेल्या उंदराच्या जातीला हात लावला नाही. म्हणजे ‘मांजर म्हटलं की उंदीर’ हे समीकरण आपण समजतो तितकं पक्कं नाही. कुओनं आणखी एक गोष्ट केली, जी सदाशिव पेठेतल्या एखाद्या सोवळ्या घराला फार जवळची वाटावी: काही पिल्लं त्यानं शाकाहारावर वाढवली. त्यांचं उंदीर मारणं त्यामुळे कमी झालं नाही. खाणं तेवढं कमी झालं. वरणभातावर पोसलेली मांजर उंदीर मारून दिवाणखान्यात आणून ठेवते आणि तोंड न लावता निघून जाते, तेव्हा घरातले तिला संस्कारांचं श्रेय देतात. तसं पाहिलं तर ते फार चुकत नाहीत.

वांडा व्हिर्विका या संशोधिकेनं तर १९७८ मध्ये याहून विचित्र प्रकार करून दाखवला. मेंदूच्या एका भागाला विजेची सुखद चेतना बक्षीस म्हणून देऊन तिनं काही मांजरींना केळं खायला शिकवलं. मांसाचे तुकडे शेजारी असतानाही त्या केळं खात. दूध सुटण्याच्या वयाची त्यांची पिल्लं सोबत होती. त्यांच्या मेंदूला कसली चेतना नव्हती, कुणी आग्रह केला नव्हता. आई खाते म्हणून तीही केळं खाऊ लागली, आणि आई नसतानाही खात राहिली. यातली खरी गंमत २००५ मध्ये उघड झाली. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांना आढळलं की गोडाची चव ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक मांजरांत मोडून पडलेलं आहे. त्यांना गोड लागतच नाही. म्हणजे त्या पिल्लांनी केळं खाल्लं, ते त्याच्या गोडीखातर नव्हे. आईच्या तोंडात होतं, एवढं कारण त्यांना पुरलं.

इथे मांजरीपुढे माणूस कमी पडतो. दुधाची भुकटी, भिजवलेले दाणे, गरम पाण्याची पिशवी हे सगळं विकत आणता येतं. खाऊन दाखवणारं तोंड आणता येत नाही. म्हणून आई नसलेली पिल्लं वाढवणारी माणसं, आणि मुंबई-पुण्यात अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत, एखादं खातं पिल्लू बाकीच्यांबरोबर सोडतात. एकानं बशीत तोंड घातलं की बाकीची येतात. त्याआधीची मेहनत वेगळीच. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मगच दूध. थंड अंगात पचन चालत नाही. पाजताना तान्ह्या बाळासारखं उताणं धरायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. पोटावर ठेवून, मान जराशी वर. पाजून झालं की ओल्या कापसानं खालची बाजू पुसायची, कारण तीन आठवड्यांपर्यंत आईनं चाटल्याशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही. आई ते सगळं चाटून साफ करते. पिल्लू घट्ट खायला लागलं की विष्ठेचा वास बदलतो आणि ती ते काम सोडून देते. पूर्वी पिल्लं मग चुलीजवळची राख उकरायची. आता प्लॅस्टिकच्या ट्रेमधली वाळू उकरतात, आणि पहिले काही दिवस ती चाखूनही बघतात.

आणि पुष्कळदा ही सगळी मेहनत नको तिथे होते. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडला तर ते खरंच आहे. जागा सुरक्षित वाटेनाशी झाली, माणसांनी फार हाताळलं, की ती बिऱ्हाड हलवते. एका वेळी एकच पिल्लू मानेला धरून नेता येतं. ती पहिलं पोचवून दुसऱ्यासाठी परत येईपर्यंत जिन्याखाली ओरडणारी तीन पिल्लं कुणीतरी दयाळू माणूस ‘अनाथ’ म्हणून खोक्यात घालून घेऊन गेलेला असतो. दोन-तीन तास लांबून वाट पाहिली असती तर ड्रॉपरनं दूध पाजायची वेळच आली नसती.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लं बशी चाटूनपुसून साफ करू लागतात. सातव्या-आठव्यात आईचं दूध नावापुरतं उरतं. आपल्याकडे नेमकी हीच त्यांना देऊन टाकायची वेळ समजली जाते: खायला लागलं ना, आता कुणालाही द्या. ओळखीतलं घर मिळालं नाही तर पिशवीत घालून मासळी बाजाराजवळ सोडून येतात, आणि तिथे त्याला खायला भरपूर मिळेल असं वर सांगतात. भाऊच्या धक्क्यावरच्या मोठ्या मांजरांना ते मिळतंही. सहा आठवड्यांच्या पिल्लाला त्यांच्या पंजांतून बांगड्याचं डोकं हिसकावून घेता येईल, ही कल्पना मात्र पिशवी रिकामी करून घरी परतणाऱ्या माणसालाच सुचू शकते.

खाता येणं आणि आईपासून सुटं होणं या दोन घटनांमध्ये बरंच अंतर असतं. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी साडेपाच हजारांहून अधिक मांजरांच्या मालकांकडून माहिती गोळा केली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं पुढे अनोळखी माणसांवर जास्त गुरगुरणारी निघाली. चौदा आठवड्यांनंतर सुटी झालेल्यांमध्ये आक्रमकपणाही कमी होता आणि उगाच तेच ते करत राहण्याची खोडही. त्या काळात दुधाचा प्रश्न केव्हाच मिटलेला असतो. पिल्लू शिकत असतं ते चावताना किती जोर लावायचा, आणि तेही भावंडांच्या कानांवर.

पण चौदा आठवडे चार पिल्लं सांभाळायची कोणाची तयारी असते? दोन खोल्यांच्या घरात आठवा आठवडा संपतो तोवर पडदे फाटलेले असतात, शेजारी बोलू लागलेले असतात आणि मांजरी, जिला एवढे दिवस बिचारी म्हटलं, ती रात्रभर कौलांवर हिंडू लागलेली असते. पिल्लं पीत असतानाही मांजर माजावर येऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गर्भ नऊ आठवड्यांचा. दूध आटल्यावर साधारण दोन आठवड्यांनी तिची शस्त्रक्रिया करून घ्या, असं पशुवैद्य सांगतात. बऱ्याच घरांतून त्यांना फोन जातो तो पुढचं वेत झाल्यावर.